जुनी पट्टी उघडली आणि हिशोबच बदलला: कोडमधून टिक लावताना इव्हेंट कसा आवरायचा

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगचं कापूस खरेदीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या भावाचा प्रश्न आहे. सी शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये काम आहे. पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याला देतात त्या खरेदीच्या पावतीच्या, फॉर्मवर ‘ओलावा कपात’ नावाचा चेकबॉक्स आहे. ऑपरेटरनं टिक लावली की चेक्डचेंज्ड इव्हेंटमध्ये, म्हणजे टिक बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, कपातीचा हिशोब होऊन रक्कम बदलते. हे बरोबर चालतं. पण जुनी पट्टी नुसती पाहायला उघडली, की डेटाबेसमधून वाचून कोड टिक लावतो आणि तेव्हाही तोच इव्हेंट चालून रक्कम पुन्हा काढली जाते. तेही सगळ्या पट्ट्यांत नाही, काहींतच. त्यांना विचारायचंय एवढंच, की इव्हेंट न चालवता टिक बदलायची कशी?

थेट उत्तर आधी देतो. विंडोज फॉर्म्सच्या चेकबॉक्सला ‘टिक लाव, पण कोणाला सांगू नको’ असं म्हणायची सोय नाही. चेक्डला, म्हणजे टिक आहे की नाही हे ठेवणाऱ्या प्रॉपर्टीला, आधीपेक्षा वेगळी किंमत दिली की चेक्डचेंज्ड चालणारच. ती किंमत माणसाच्या माउसनं बदलली की तुमच्या कोडच्या ओळीनं, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. टिक बदलली एवढंच तो सांगतो, कोणी बदलली ते सांगत नाही. आणि तुमच्या हिशोबाला तर नेमकं ते ‘कोणी’च पाहिजे आहे. गाडी पाहून, मीटर लावून ऑपरेटरनं आत्ता कपात ठरवली, की मागच्या वर्षी ठरलेली कपात आपण फक्त दाखवतोय? दोन्ही वेळा टिक तीच दिसते, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘काही पट्ट्यांतच होतं’ याचं कारणही इथंच आहे. फॉर्म उघडतो तेव्हा चेकबॉक्स रिकामा असतो. पट्टीत कपात नसेल तर रिकाम्याला पुन्हा रिकामं केलं जातं, किंमत बदलत नाही, इव्हेंट चालत नाही. कपात असेल तरच चालतो. त्यातून फॉर्म न बंद करता ‘पुढची पट्टी’ दाबत जाण्याची सोय तुम्ही दिली असेल, तर इव्हेंट चालणार की नाही हे आधी कोणती पट्टी उघडी होती त्यावर ठरतं. म्हणून दिवाणजी म्हणतात रक्कम बदलली, तुम्ही तीच पट्टी आपल्या टेबलावर उघडता आणि सगळं ठीक दिसतं. दिवाणजी खोटं बोलत नाहीत. ते दुसऱ्या पट्टीवरून त्या पट्टीवर आलेले असतात.

मी वणी-पांढरकवडा भागात जिनिंग, वजनकाटे आणि पतसंस्थांची कामं करतो. मला हा धडा २०२४-२५ च्या हंगामात मिळाला. एका शेतकऱ्यानं बँकेच्या कामासाठी मागच्या हंगामातल्या पट्टीची दुसरी प्रत मागितली. ऑपरेटरनं पट्टी उघडली, छापली, दिली. तासाभरानं तो माणूस परत आला. प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्यासोबत घडी करून ठेवलेली मूळ पट्टी त्यानं टेबलावर ठेवली, तिच्या बाजूला नवी ठेवली आणि शांतपणे विचारलं, “साहेब, माह्या खात्यात तं इतके आले नाई. मंग बाकीचे पैसे कुठं गेले?”

आकडे पाहा. कापूस २० क्विंटल, ओलावा ११ टक्के, कपात ८ टक्क्यांच्या वरच्या ३ टक्क्यांची. हंगाम २०२३-२४ चा, लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० रुपये. कपात जाऊन मूळ पट्टी १,३६,१८८ रुपयांची. नव्या प्रतीवर १,४५,९०७ रुपये ४० पैसे. कारण माझ्या हँडलरनं, म्हणजे इव्हेंट आला की चालणाऱ्या फंक्शननं, कपात पुन्हा काढताना दराच्या तक्त्यातून ताजा दर उचलला होता आणि तोवर २०२४-२५ चा ७,५२१ रुपये हमीभाव भरलेला होता. फरक ९,७१९ रुपये ४० पैशांचा. एका पैशाचीही अफरातफर कोणी केलेली नव्हती. पण त्या माणसाच्या हातात छापील कागद होता आणि त्या कागदावर त्याच्या घामाचे साडेनऊ हजारांहून जास्त रुपये गायब दिसत होते. ते समजावून सांगताना मला जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला ‘एक फ्लॅग (कोडमधली खरं-खोटं खूण) लावा’ एवढं उत्तर देऊन मोकळं होववत नाही.

आधी तुमचा हँडलर उघडून ओळ ओळ वाचा. माझा अंदाज आहे की त्यात दोन जातीची कामं एकत्र झाली आहेत. एक दिसण्याचं काम: टिक असेल तर ओलाव्याच्या टक्क्यांचा टेक्स्टबॉक्स उघडा करणं, नसेल तर करडा करणं, कपातीची ओळ दाखवणं किंवा लपवणं. दुसरं ठरवण्याचं काम: दर घेणं, रक्कम काढणं, ‘बदल झाला’ अशी खूण करणं, कधी कधी थेट डेटाबेसमध्ये लिहिणं. पहिलं काम टिक कशीही बदलली तरी व्हायलाच पाहिजे. दुसरं फक्त माणसानं बदलली तरच.

इव्हेंट सरसकट दाबला की पहिलं कामही मरतं. हे मी नवीन मुलांच्या कोडमध्ये नेहमी पाहतो. फ्लॅग लावला, रक्कम बदलायची थांबली, सगळे खूश. आठवड्यानं तक्रार येते की जुन्या पट्टीत टिक दिसते पण ओलाव्याचा आकडा करडाच राहतो, दुरुस्ती करता येत नाही. मग त्यासाठी लोडच्या कोडमध्ये आणखी दोन ओळी, मग त्या दोन ओळींसाठी आणखी एक फ्लॅग. गुंता असा वाढतो.

त्यामुळे तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा. दिसण्याचं काम चेक्डचेंज्डमध्येच राहू द्या. ठरवण्याचं काम तिथून उचलून चेकबॉक्सच्या क्लिक इव्हेंटमध्ये टाका. विंडोज फॉर्म्समध्ये कोडनं चेक्ड बदललं तर क्लिक चालत नाही. माणसानं माउसनं दाबलं, स्पेसबार मारला किंवा ऑल्टसोबतचं अक्षर दाबलं तरच चालतो. रांगेत गाड्या लागलेल्या असताना ऑपरेटर माउसला हातही लावत नाही, त्यामुळे कीबोर्ड इथं महत्त्वाचा आहे. शिवाय ऑटोचेक, म्हणजे दाबलं की टिक आपोआप बदलायची सोय, चालू असेल, जो मुळात चालूच असतो, तर क्लिकचा हँडलर चालतो तेव्हा टिक आधीच बदललेली असते. म्हणजे हँडलरमध्ये चेक्ड वाचलं तर नवी किंमतच मिळते. तुमचा कोड जवळजवळ जसाच्या तसा हलवता येईल.

व्हीबी सिक्सचा जुना कोड डॉट नेटमध्ये आणणाऱ्यांनी मात्र इथं थांबावं. आपल्याकडच्या काट्यांवर व्हीबी सिक्सचे प्रोग्रॅम मी भरपूर पाहिले आहेत. तिथं उलटं होतं: कोडनं चेकबॉक्सची व्हॅल्यू बदलली तरी क्लिकच चालायचा. लिस्ट आणि कॉम्बोचा लिस्टइंडेक्स कोडनं बदलला तरी तेच. त्यामुळे ज्यांचा हात व्हीबी सिक्सवर बसलाय ते क्लिकवर विश्वास ठेवायला घाबरतात आणि सगळीकडे फ्लॅग लावत सुटतात. नाव तेच असलं तरी वागणं बदललेलं आहे.

चेकबॉक्सचं असं सुटतं, पण पट्टीच्या फॉर्मवर चेकबॉक्स एकटा नसतो. कापसाची प्रत निवडायचा कॉम्बो, म्हणजे खाली उघडणारी यादी, असेलच. त्याचा सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड माणूस आणि कोड दोघांसाठी चालतो. सिलेक्शनचेंजकमिटेड हा इव्हेंट फक्त माणसानं निवड केली तरच चालतो, म्हणून दर बदलायचं काम तिथं ठेवावं. पण एक अट आहे: कॉम्बोची मांडणी आणि माणूस निवड कशी करतो यावर अवलंबून तो कधी कधी चालतच नाही, विशेषतः अक्षरं टाइप करून निवडायची सोय चालू असेल तर. म्हणून ते काम सोपवण्याआधी तुमच्या ऑपरेटरला शेजारी बसवा, त्याच्या सवयीनं दहा पट्ट्या करू द्या आणि इव्हेंट प्रत्येक वेळी आला का ते मोजा. आपण स्वतः माउसनं तपासून ‘झालं’ म्हणण्यात अर्थ नाही.

कॉम्बोला डेटासोर्स (यादीतल्या ओळी जिथून येतात तो तक्ता) देतानाही सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड चालतो, कारण पहिली ओळ आपोआप निवडली जाते. त्या क्षणी व्हॅल्यूमेंबर दिलेला नसेल तर सिलेक्टेडव्हॅल्यूत आकड्याऐवजी अख्खी ओळच हाती येते आणि आकड्यात बदलताना प्रोग्रॅम कोसळतो. आधी डिस्प्लेमेंबर, व्हॅल्यूमेंबर, मग डेटासोर्स, हा क्रम हाताला लावून घ्या.

रेडिओ बटनांत एक लावलं की दुसरं आपोआप निघतं आणि चेक्डचेंज्ड दोघांचाही चालतो. हिशोब दोनदा होतो. हँडलरच्या सुरुवातीला ‘हे बटन लागलेलं आहे का’ विचारून नसेल तर परत फिरलं की भागतं.

टेक्स्टबॉक्सला मात्र माणसाचा असा वेगळा इव्हेंट नाही. टेक्स्टचेंज्ड दोघांसाठी चालतो आणि एकेका अक्षराला चालतो. वजनाच्या खान्यात २०.४५ टाकताना हिशोब पाच वेळा होतो, त्यातला पहिला २ क्विंटलचा. मी हिशोब व्हॅलिडेटेडमध्ये करतो, म्हणजे माणूस खान्यातून बाहेर पडला की. खान्यात काही बदललं का हे कळण्यासाठी टेक्स्टबॉक्सची मॉडिफाइड नावाची प्रॉपर्टी आहे, ती फार लोक वापरत नाहीत. माणसानं टाइप केलं की ती खरी होते, कोडनं मजकूर भरला की खोटी होते. आपल्याला पाहिजे ते ‘कोणी’ तिला माहीत असतं.

आता फ्लॅग. न्यूमेरिकअपडाउनसारख्या (बाणांनी आकडा कमी-जास्त करायच्या) कंट्रोलला व्हॅल्यूचेंज्डशिवाय पर्याय नाही, तिथं फ्लॅग लागतोच. पट्टी भरायला घेताना ‘भरणं चालू’ खरं करायचं, हँडलरच्या पहिल्या ओळीत ते खरं असेल तर परत फिरायचं, भरून झालं की खोटं करायचं. सोपं आहे. पण यातही एकदा मार बसला आहे. एका जुन्या पट्टीत ओलाव्याचा रकाना रिकामा होता. तो आकड्यात बदलताना लोड मध्येच फुटलं, बाहेरच्या कॅचनं (चूक पकडणाऱ्या कोडनं) ‘पट्टी उघडली नाही’ असा संदेश दाखवला आणि फ्लॅग खराच राहिला. ऑपरेटरनं संदेश बंद केला आणि नव्या गाड्यांच्या पट्ट्या करायला घेतल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकाही पट्टीत कपात लागली नाही. टिक दिसत होती, रक्कम पूर्ण जात होती. रोकड जुळवताना दिवाणजींच्या लक्षात आलं. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केल्यावर सगळं सुरळीत, त्यामुळे कारण सापडायला आणखी दोन दिवस गेले.

तेव्हापासून माझा नियम: फ्लॅग खाली करायची ओळ फायनलीतच, म्हणजे मध्ये कोड फुटला तरी चालणाऱ्या भागातच, दुसरीकडे कुठंही नाही. ट्राय सुरू व्हायच्या लगेच आधी फ्लॅग वर, आत भरणं, फायनलीत खाली. आणि एका लोडमधून दुसरं लोड बोलावलं जात असेल, म्हणजे पट्टी भरताना शेतकऱ्याचं खातं भरणारा कोडही तोच फ्लॅग वापरत असेल, तर खरं-खोटं पुरत नाही. आतलं काम संपलं की तो फ्लॅग खाली करून टाकतो आणि बाहेरचं भरणं उघड्यावर पडतं. तिथं आकडा ठेवा: आत जाताना एक वाढवा, बाहेर येताना एक कमी करा, शून्यापेक्षा जास्त असेल तर हँडलर गप्प.

तिसरी वाट म्हणजे हँडलर तात्पुरता सोडवून ठेवायचा आणि भरून झाल्यावर पुन्हा जोडायचा. चालतं, पण मला ती कमी आवडते. जोडलेलाच हँडलर पुन्हा जोडला तर तो दोनदा चालतो, आणि न जोडलेला सोडवला तर कुठलीही कुरकुर होत नाही. म्हणजे चूक झाली तरी प्रोग्रॅम तोंड उघडत नाही. एका ठिकाणी कपात दुप्पट लागत होती, त्याचं कारण एवढंच निघालं. शिवाय उद्या कोणी त्याच चेकबॉक्सला दुसरा हँडलर जोडला तर तुमच्या सोडवण्याच्या यादीत तो नसतोच. वापरायचीच असेल तर सोडवणं आणि जोडणं एकाच फंक्शनमध्ये, आणि जोडणं फायनलीत.

विंडोज फॉर्म्सबाहेर काम करणारेही हे वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टनं चेक्ड किंवा व्हॅल्यू बदलली तर चेंज इव्हेंट चालत नाही, तिथं मुळातच तुमच्या मनासारखं आहे. पण टिक लावायला क्लिक हे फंक्शन बोलावलं तर चालतो. ॲक्सेसमध्ये कोडनं किंमत दिली तर आफ्टरअपडेट चालत नाही. एक्सेलमध्ये ॲप्लिकेशनचं इनेबलइव्हेंट्स बंद केलं की शीटचे इव्हेंट थांबतात, पण यूजरफॉर्मवरच्या चेकबॉक्सचे थांबत नाहीत. पुष्कळांचा दिवस यात जातो. आणि ते बंद असताना मॅक्रो फुटला तर ते बंदच राहतं, वरच्या फ्लॅगसारखं. क्यूटी या फॉर्म बनवायच्या लायब्ररीत टॉगल्ड दोघांसाठी आणि क्लिक्ड माणसासाठी, शिवाय सिग्नल (तिथले इव्हेंट) रोखायची अधिकृत सोय आहे.

अँड्रॉइडवर यादीतल्या चेकबॉक्सचा त्रास वेगळाच. ओळी वर सरकल्या की तेच चेकबॉक्स दुसऱ्या शेतकऱ्यासाठी वापरले जातात. जुना लिसनर (तिथला हँडलर) तसाच असताना सेटचेक्ड केलं की आधीच्या माणसाची नोंद बदलते. आधी लिसनर काढा, टिक लावा, मग नवा लिसनर द्या. तिथल्या स्पिनरला (कॉम्बोसारखी यादी) मात्र साधा फ्लॅग पुरत नाही, कारण त्याचा निवडीचा निरोप लगेच येत नाही, मांडणी झाल्यावर येतो आणि तोवर तुमचा फ्लॅग खाली गेलेला असतो. त्याला आधीची निवड लक्षात ठेवून नवीशी ताडून पाहणं बरं.

हँडलर कोण चालवतंय हे कळत नसेल तर अंदाज करत बसू नका. हँडलरच्या पहिल्या ओळीवर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम तिथं थांबवायची खूण) टाका आणि कॉल स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शननं कोणाला बोलावलं त्याची यादी, वाचा. त्यात तुमचं पट्टी भरायचं फंक्शन दिसलं तर कोडनं चालवलं. ते नसून ऑनक्लिक आणि खाली विंडोजचे संदेश दिसले तर माणसानं.

आणि एक गोष्ट इव्हेंटच्याही खालची. इव्हेंट कितीही नीट आवरले तरी छापलेल्या पट्टीची रक्कम फॉर्म उघडल्यानं बदलू शकते ही शक्यताच ठेवू नका. दर, ओलावा, कपात, निव्वळ रक्कम हे चारही आकडे पट्टीच्या ओळीत साठवा. जुनी पट्टी उघडली की साठवलेले आकडे दाखवा, काढू नका. ऑपरेटरनं खरोखर दुरुस्ती केली तर हिशोब पट्टीच्या स्वतःच्या दरानं करा, तक्त्यातल्या ताज्या दरानं नाही. आणि चेकबॉक्सच्या हँडलरमधून डेटाबेसमध्ये कधीच लिहू नका. लिहायचं ते फक्त ‘जतन करा’ बटनातून. माझ्या हँडलरनं त्या वेळी डेटाबेसमध्ये लिहिलं नव्हतं, फक्त छापलं, म्हणून मूळ आकडा तरी शाबूत सापडला.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य असं आहे की रक्कम ‘आपोआप सेव्हही होते’. तसं असेल तर बाकी कोडला हात लावायच्या आधी आजच हे करा. जुन्या हंगामाच्या पट्ट्यांवरचं जतनाचं बटन बंद ठेवा, म्हणजे नुकसान वाढणार नाही, आणि हँडलरमधली लिहिण्याची ओळही काढा. हंगाम सुरू व्हायच्या आधीचा बॅकअप वेगळ्या नावानं उघडा, दोन्हीकडच्या पट्ट्या क्रमांकानं जोडा आणि ज्यांची निव्वळ रक्कम जुळत नाही त्यांची यादी काढा. तुमचा हँडलर कपात असलेल्या पट्ट्यांतच चालला असणार, त्यामुळे यादीत बहुतेक त्याच सापडतील. कपात नसलेली एखादी निघाली तर ती ‘पुढची पट्टी’ करत जाताना बदललेली असेल. त्या यादीतली प्रत्येक रक्कम बँकेतून प्रत्यक्ष गेलेल्या रकमेशी ताडा. बॅकअप नसेल तर बँकेचा उतारा आणि जिनिंगच्या फायलीतली पट्टीची मूळ प्रत यांवरूनच दुरुस्ती करावी लागेल, तीही दिवाणजींना शेजारी बसवून, एकेक.